साखरवैनीचा पहिला हात

आमच्या वस्तीवर कुठल्याही कामाला पहिला हात साखरवैनीचा लागायचा. असं कुणी ठरवलेलं नव्हतं, पंचांनी तिला मान दिलेला नव्हता, पण होतं खरं. हातपंप बसवला तेव्हा पहिलं पाणी तीच प्याली. बाकीच्या बाया तोंडाला पदर लावून बघत होत्या, हिला काही होतंय का. ते गंजकट पाणी घटाघटा पिऊन ती म्हणाली, "ग्वाड हाय गं, भरा." ग्वाड कसलं? नंतर पोट धरून बसली होती. पण तोवर सगळ्यांच्या घागरी भरून घरी गेल्या होत्या.

वस्ती म्हणजे अंथुर्ण्याच्या शिवारात, ओढ्याच्या पलीकडं. सगळे धनगर आणि सगळे एकमेकांचे कोण ना कोण. बापजाद्यांनी मेंढरं राखली. कॅनॉलचं पाणी आलं तशी मेंढरं गेली आणि ऊस आला. साखरवैनी म्हणजे माझा चुलतभाऊ दादासो याची बायको, माहेर लोणी भापकरचं. तिच्या घराची आणि माझ्या घराची भिंत एकच. मी टेम्पो चालवतो, बारामतीच्या बाजारात माल नेतो-आणतो. मला लोक तापट म्हणतात. ते खरं आहे, आणि हे सांगताना मी तापणार आहे हेही आधीच सांगून ठेवतो.

मानसिंगची धाकटी पोर छकुली विहिरीत पडली, तेव्हा काठावर चांगले पोहणारे गडी उभे होते. जो तो दुसऱ्याकडं बघत होता. वैनी शेणाच्या हातानं पळत आली आणि लुगड्यासकट आत. तिला पोहता येतं का, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बहुतेक तिलाही नव्हतं. एक हात पायरीच्या दगडाला, दुसऱ्या हातात पोरीची वेणी, अशी ती धरून राहिली. मग गड्यांना उड्या मारायचं सुचलं. मी नंतर म्हणालो, "वैनी, एवढे बाप्ये असताना तुमी कशापायी उडी घेतली?"

"कुणीतरी पयलं लागतंय की भावजी," ती म्हणाली. "पयला गेला का मागचे येत्यात."

मानसिंग वस्तीचा कारभारी, बोलायला पुढं आणि करायला मागं. पण त्या दिवशी तोही तिच्या पाया पडला. छकुली तर तेव्हापासून वैनीची शेपूटच झाली.

गणपती दूध प्याला त्या साली कुंडलिक मास्तर आमच्याकडं राहायला आले. गाव कोऱ्हाळे बुद्रुक, हायस्कुलात विज्ञान शिकवायचे, मानसिंगच्या रिकाम्या खोलीत भाड्यानं. आमच्या जातीतले नव्हते, पण कुणाच्याही घरी भाकरी खायचे. गणपतीच्या दुधावरून त्यांचं डोकं फिरलं होतं. शिकलेली माणसं चमचा घेऊन रांगेत उभी राहतात म्हणजे काय, असं जो भेटेल त्याला विचारायचे. माणूस मनानं चांगला. चांगल्या माणसांना भिऊन राहावं, हे मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

थंडीत एका रविवारी त्यांनी वैनीच्या ओट्यावर प्रयोग मांडला. लोणच्याची काचेची बरणी वैनीनंच रिकामी करून दिली. हॉटेलात चपात्या गुंडाळतात तो चंदेरी कागद मी बारामतीहून आणला होता. मास्तरांनी तो बरणीला बाहेरून, बुडापासून पाऊण उंचीपर्यंत घट्ट लपेटला. काठापर्यंत नेला नाही, नाहीतर म्हणे करंट बाहेरच्या बाहेर पळतो. आत तेवढ्याच उंचीचं मिठाचं पाणी. प्लास्टिकच्या झाकणाला भोक पाडून एक लांब खिळा आत सोडला, टोक पाण्यात आणि डोकं वर. झाली बरणी तयार. मग त्यांनी पाइपलाइनचा एक प्लास्टिकचा तुकडा घेतला आणि वैनीची घोंगडी मागितली. घोंगडी तिच्या माहेरची, तिच्या आईनं कातलेल्या लोकरीची.

मास्तर पाइप घोंगडीत धरून खसाखसा घासायचे आणि खिळ्याच्या डोक्यावरून फिरवायचे. परत घासायचे, परत फिरवायचे. हवा कोरडी होती. घोंगडीतून चटचट आवाज यायला लागला आणि जवळ बसलेल्यांच्या हातावरचे केस उभे राहिले.

"मोटारीला कंडेन्सर असतो ना, तसाच हा घरगुती कंडेन्सर," मास्तर म्हणाले. "हा करंट साठवतो. आणि हात लागला की एका दमात सगळा सोडून देतो. मग रिकामा."

यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं होतं. ते कुणीही ऐकलं नाही.

त्यांनी आम्हा सगळ्यांना हातात हात धरून गोल उभं केलं. एका टोकाला मी, माझ्या हातात बरणी. दुसऱ्या टोकाचा माणूस खिळ्याला हात लावणार होता. अर्थात वैनी. तिनं बोट लावलं आणि सगळ्यांना एकदमच दणका बसला. पोरं किंचाळली, बाया हसून हसून खाली बसल्या, दादासोच्या तोंडातली तंबाखू उडाली. "बघा, सगळ्यांना सारखा," मास्तर म्हणाले. "यात देव नाही, भूत नाही. ही बरणी कुणाचं तोंड बघत नाही." वैनी परत एकदा करा म्हणून मागं लागली होती.

एकच माणूस हसला नाही. दत्तोबा, आमच्या बिरोबाचा पुजारी. त्यानं घोंगडीवरून हात फिरवला आणि विचारलं, "हिच्यातनं निघाला व्हय करंट?"

"होय आबा. लोकरीतून."

दत्तोबानं घोंगडीचं टोक कपाळाला लावलं. मास्तरांना त्याचा अर्थ कळला नाही. आमच्यात देवाची गादी म्हणजे घोंगडीच. बिरोबा बसतो तो घोंगडीवर, आणि उठतो तोही घोंगडीवरूनच. मास्तर म्हणत होते यात देव नाही, आणि दत्तोबाला समोर देव दिसत होता.

चैत्रात जत्रा झाली. उन्हानं देवळाचे दगडसुद्धा रात्रभर गरम राहायचे. जत्रेनंतर वैनी नेहमीसारखी पहाटे देऊळ झाडायला गेली. तिच्याआधी तिथं कधीच कुणी जात नसे. आत जाऊन तिनं जी हाक फोडली, ती मी घरात ऐकली. बिरोबाचे चांदीचे डोळे गेले होते. नुसता शेंदराचा गोळा, आणि डोळ्यांच्या जागी दोन खोबणी. मी बघितला तो चेहरा. अजूनही कधीकधी डोळे मिटले की तोच समोर येतो.

दिवस वर आला तशी कुजबुज सुरू झाली. कुणी नाव घेतलं नाही. फक्त एकमेकांना विचारायचे, "देवळात पयली कोन गेली व्हती?" उत्तर सगळ्यांना ठाऊक होतं. मी एकदोघांच्या अंगावर धावून गेलो. त्यानं काय होतंय? तोंडं माझ्यासमोर बंद झाली, आणि माझी पाठ वळली की परत सुरू. वैनीच्या मात्र हे गावीही नव्हतं. ती आपली सगळ्यांच्या आधी म्हणत होती, "भंडारा उचलू या. घरटी एक माणूस. दूध का दूध व्हईल."

भंडारा उचलायचा म्हणजे काय, ते सांगतो. देवापुढं हळदीची परात ठेवतात. चिमूट उचलायची, कपाळाला लावायची आणि म्हणायचं, मी खोटा असलो तर देव बघून घेईल. आमच्यात यापुढं कोर्टही नाही आणि पोलीसही नाही. पण अलीकडं लोक खोटा भंडारा उचलायला लागले होते. बांधाच्या भांडणात दोन्ही बाजूंनी उचलला होता आणि देवानं कुणालाच बघून घेतलं नव्हतं.

म्हणून मानसिंगच्या डोक्यात बरणी आली. परातीत भंडाऱ्याखाली बरणी पुरायची, नुसतं खिळ्याचं डोकं वर. एक हात परातीच्या काठाला, दुसरा खिळ्याला, मग चिमूट. चोर असेल त्याला बरणी धरणार, असं आधी वस्तीभर सांगायचं.

मास्तर आधी उसळले. मी तिथंच होतो. पण मानसिंगनं बरोबर दुखऱ्या जागी बोट ठेवलं. "मास्तर, साखरबाईवर समद्यांचा डोळा हाय. तुमाला तिची भाकर गोड लागती नव्हं? मग तिला सोडवा की."

तिथं मास्तर नमले. मग म्हणाले, "बरणी रिकामी ठेवायची. करंट भरायचा नाही. चोराच्या मनात चांदणं असतं. जो हात लावायला कचरेल तो चोर. आपण फक्त तोंडं बघायची." बरणी रिकामी आहे हे चौघांनाच माहीत राहणार होतं: मास्तर, मानसिंग, दत्तोबा आणि मी. मलाही ही युक्ती बरी वाटली. वैनी कचरणार नाही, याची खात्रीच होती.

आदल्या संध्याकाळी मास्तरांनी स्वतः रिकामी बरणी परातीत पुरली आणि दत्तोबाच्या हवाली केली. दत्तोबानं पहाटे काय केलं, ते आम्हाला नंतर कळलं. तुम्हाला आधीच सांगतो. त्यानं अंघोळ केली, अंग कोरडं करून गाभाऱ्यात गेला, देवाच्या गादीची घोंगडी उचलली आणि पाइपचा तुकडा घेऊन बसला. घासायचा आणि खिळ्यावरून फिरवायचा, तोंडानं बिरोबाचं नाव. मास्तरांना त्यानं ओट्यावर जसं करताना बघितलं होतं अगदी तसंच, फक्त भक्तीनं, म्हणजे कितीतरी जास्त वेळ. कुणाला अडकवायचं त्याच्या मनात नव्हतं. रिकाम्या भांड्यावर देवाची शपथ घ्यायची, हे त्याला सोसलं नाही, एवढंच.

सकाळी वस्ती देवळापुढं गोळा झाली. फरशी नुकतीच धुतलेली, पाय ओले. प्रत्येकाची नजर त्या पिवळ्या ढिगातून वर आलेल्या खिळ्यावर. दत्तोबा म्हणाला, "या. पयलं कोन येतंय?"

कुणी हललं नाही. मास्तर कोपऱ्यात उभे राहून तोंडं निरखत होते. त्यांना सगळीच तोंडं चोराची दिसली असतील, कारण भ्यालेलं नव्हतं असं एकही तोंड नव्हतं. एक सोडून. वैनीनं पदर खोचला, मागं वळून आमच्याकडं बघितलं आणि हसली. "काय गं भ्येता? कर न्हाई त्याला डर कशाची?"

तिनं परातीचा काठ धरला आणि दुसरा हात खिळ्यावर ठेवला.

तो आवाज मी विसरणार नाही. ठिणगी उडाल्याचा छोटासा आवाज, आणि मग वैनीचा. हात झटक्यानं मागं गेला, परात कलंडली, भंडारा तिच्या तोंडावर, केसांत, लुगड्यावर. ती पिवळीधमक होऊन फरशीवर बसली होती आणि आपल्या हाताकडं बघत होती. कुणी तिला उठवायला पुढं झालं नाही. मी झालो तर दादासोनं माझा दंड धरला. तिचा नवरा!

दत्तोबानं बरणी सरळ केली, भंडारा परत लोटला. मग एकेक जण आला. मानसिंग आला, त्यानं डोळे मिटून बोट लावलं. काही नाही. त्याचा भाऊ आला. काही नाही. मी लावलं, काही नाही. सगळी वस्ती संपली आणि कुणालाही काही झालं नाही.

मास्तर ओरडायला लागले. बरणीत एकाच दणक्याचा माल असतो, पहिला जो कोण असता त्यालाच बसला असता, आता ती रिकामी आहे म्हणून तुम्हाला काही झालं नाही. त्यांचा आवाज चिरकला होता. "आणि मी रिकामीच ठेवली होती! कुणी भरली?"

"म्या," दत्तोबा म्हणाला. मुळीच लाजला नाही. "रिकाम्या बरनीवर भंडारा उचलत्यात का कुणी? म्या देवाच्या घोंगडीनं भरली. आता जे बोललं ते देव बोलला."

"मास्तर," मानसिंग म्हणाला, "तुमीच सांगितलं व्हतं, ही बरणी कुनाचं त्वांड बघत न्हाय."

त्याला उत्तर होतं. मला सुचलं होतं, पण ते तोंडानं द्यायचं नव्हतं, आणि दादासोनं माझा दंड परत धरला होता.

त्या दिवसापासून पंपावर वैनी आली की बाया घागरी बाजूला ओढून घ्यायच्या. देवळात तिचा नैवेद्य वेगळा ठेवला जायचा आणि कुत्र्यापुढं जायचा. भिंतीपलीकडून मला एकदाच दादासोचा आवाज ऐकू आला. "तू घेतलं न्हाईस न्हवं?" मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यानंतर त्या घरातून कितीतरी दिवस बोलणं ऐकू आलं नाही, नुसता भांड्यांचा आवाज.

मास्तर तिच्या ओट्यावर आले, बरणी घेऊन. मी होतोच. म्हणाले, "वहिनी, तुम्हाला मागं इथंच बसला होता, तोच हा दणका. आठवतं ना?"

"तवा समद्यांना बसला," वैनी म्हणाली. "आता माझ्या एकटीला."

मग मास्तरांनी तिच्यासमोर पाइप घासला, बरणी भरली आणि स्वतः खिळ्याला बोट लावलं. दणका चांगलाच बसला, माणूस जागचा उडाला. पण हसत म्हणाले, "बघा, मलाही लागला."

वैनी त्यांच्याकडं बघत राहिली. तिच्या नजरेत राग नव्हता. कीव होती. "तुमाला बी धरलं?" ती हळूच म्हणाली. "तुमी काय केलंय, मास्तर?"

मास्तर खाली बसले. मग त्यांनी लहान पोराला सांगावं तसं परत सगळं सांगितलं. बरणीला चोर कळत नाही, साव कळत नाही. जो पहिला हात लावतो त्यालाच ती लागते. वैनी ऐकत होती. तिला कळत नाहीये असं मला वाटलं.

मास्तरांनी हार मानली नाही. सगळ्या वस्तीसमोर परत प्रयोग करतो म्हणाले. पण मध्ये उन्हाळ्याची सुट्टी लागली, ते गावी गेले, आणि परत आले तेव्हा आषाढाची झड बसली होती. देवळात माणसं जमली. भिंतींना ओल, घोंगडी दमट. मास्तर घासून घासून घामाघूम झाले. ना चटचट, ना ठिणगी. त्यांनी बोट लावलं, मी लावलं, मानसिंगनं लावलं. बरणी गप्प. "हवा ओली आहे, ओल्या हवेत करंट टिकत नाही," मास्तर सांगत होते, आणि माणसं एकमेकांकडं बघत होती. दत्तोबा शांतपणे म्हणाला, "साखरबाई आज आली न्हाय. मग बरनी कुनाला धरंल?"

सगळ्यांना पटलं. मला आजही त्या पटण्याचा संताप येतो. मास्तरांनी बदली मागून घेतली. जाताना बरणी वैनीच्या ओट्यावर ठेवून गेले, ती तशीच पडून राहिली. तिच्यात परत लोणचं कुणी घातलं नाही.

दसऱ्याआधी देऊळ धुवायला काढलं. देवाच्या अंघोळीचं पाणी जिथून बाहेर पडतं तो पन्हळ तुंबला होता. गड्यानं सळई घातली तर गाळाबरोबर चांदीचे डोळे बाहेर आले. दोन्ही. मागच्या बाजूला मेण तसंच होतं, पिवळं, ओघळलेलं. ते डोळे मेणानं चिकटवलेले असतात. जत्रेतलं तेल आणि चैत्रातली आग. मेण पाघळलं, डोळे घसरले आणि पाण्याबरोबर वाहून गेले. चोर नव्हताच. चोरीच नव्हती.

"झालं गेलं," मानसिंग म्हणाला. एवढंच म्हणाला. काहीजण तर म्हणाले, वैनीनंच घाबरून आणून टाकले असतील. मी पळत वैनीकडं गेलो. चुलीपुढं होती. "वैनी, सुटला तुमी! डोळं सापडलं, पन्हाळीत व्हतं."

तिला आनंद होईल अशी माझी अपेक्षा. तिनं हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, काढली. मग म्हणाली, "मंजी डोळ्यांपायी न्हवतं. मग मला कशापायी धरलं, भावजी?"

एवढे महिने ती तेच शोधत होती. कुठली मेंढी कसायाला विकली, सासूला कधी उलटं बोलली, सगळं आयुष्य उकरून बसली होती. मी चिडून ओरडलो, "कशापायी न्हाय! तुमी पयल्या गेला म्हनून! मास्तरांनी सांगितलं व्हतं की!"

तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. "व्हय," म्हणाली. "सांगितलं व्हतं."

दसऱ्याला डोळे परत बसवले. नवं मेण, नवा शेंदूर, परातीत नवा भंडारा, शपथेचा नाही, नुसता कपाळाला लावायचा. त्यात बरणी नव्हती, काही नव्हतं, सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलं होतं. दत्तोबा म्हणाला, "या. पयलं कोन येतंय?" आणि कुणी येईना. मानसिंगनं पायातल्या पायात चुळबूळ केली. पुढचे मागं सरकले. मग एकेक मान वळत गेली, पार मागं, खांबाला टेकून उभ्या असलेल्या साखरवैनीकडं. ती खाली बघत होती.

तेवढ्यात छकुली निघाली. पोरीनं झगा कमरेला खोचला होता, वैनी पदर खोचायची तसा. धीटपणे दोन पावलं टाकून ती परातीकडं हात नेणार, तोच मागून वैनी आली. वाट काढत, माणसांना ढकलत आली. तिनं पोरीची वेणी धरली, विहिरीत धरली होती तशीच, आणि खसकन मागं ओढली.

"मागं हो," ती म्हणाली. "पयल्यालाच लागतंय."